मशेरीच्या डबीभोवतीचं बोलणं

तंबाखूचं पान जुन्या तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, हातानं चुरायचं, चाळून डबीत भरायचं. झाली मशेरी. ती सकाळी चुलीपुढे लागते, दुपारी जेवण झाल्यावर लागते, दिवेलागणीला लागते. काहीजणी रात्री आडवं होण्याआधीही बोट फिरवून घेतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाड्यांतून पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी बायकांचा दिवस या डबीने उघडतो. आशाताई दारात येतात, तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका तपासणारा, फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा रकाना असतोच. तो भरून झाला की ओघाने पुढचं बोलणं होतं. ते साधारण असं:

"काकी, सोडा हो ती मशेरी. कॅन्सर होतो."

"माका म्हायत आसा गो. पण ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होणा नाय."

"मग इसबगोल घ्या ना."

"घेतलंय. काय उपेग नाय."

"निदान हळूहळू कमी तरी करा."

"आता ह्या वयात सोडून काय करूचा? माझी आये नव्वद वर्सां जगली. मरासर लावी."

आशाताई उठतात. बाहेर पडता पडता मनात म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी. पण हा घडा बोलणं सुरू होताना पालथा होता का, हे तपासून बघायला हवं. त्या दोन मिनिटांत काकींच्या तोंडून काय काय निघालं ते मोजा. पोट साफ होत नाही, औषधाचा उपयोग नाही, वय झालं, आई नव्वद वर्षं जगली. मशेरीच्या बाजूची सगळी वकिली काकींनी केली, कारण विरुद्ध बाजूचा वकील आधीच उभा होता. माणूस स्वतःच्या तोंडचं बोलणं ऐकून स्वतःचं मत पक्कं करत असतो. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हे सिद्धान्त म्हणून मांडलं. काकी सकाळी थोड्याफार डळमळीत असतीलही. आशाताई गेल्यावर मात्र त्यांच्याकडे मशेरी न सोडण्याची चार कारणं आहेत, आणि चारही घोटून झालेली आहेत.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या अडचणीत सापडलेल्या लोकांशी कसं बोलावं यावर एक निबंध लिहिला. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत १९९१ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' हे नाव जगभरच्या दवाखान्यांत पोचलं. त्यामागची मूळ समजूत साधी आहे. सवय सोडावी की राहू द्यावी यावर माणसाच्या आत दोन्ही बाजू आधीपासून हजर असतात. आपण एक उचलली की शिष्टाचार म्हणून म्हणा, मानापायी म्हणा, तो दुसरी उचलतो. १९९३ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी सल्लागारांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा सल्लागार जितका अंगावर जाऊन बोलला होता तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं. म्हणजे रागवून सांगितलेलं नुसतं वाया जात नाही, उलटं लागूही पडू शकतं.

समोरचं चुकतंय दिसलं की दुरुस्त करण्याची एक उबळ येते. शिकलेल्या माणसाला जास्त येते, आणि जीव लावणाऱ्याला सर्वांत जास्त. तंत्राचा पहिला आणि सगळ्यांत अवघड भाग ही उबळ गिळणं हाच आहे. बाकीचं सरावाने जमतं.

कुठे बसायचं यापासून सुरुवात करू. मशेरीचं बोलणं सुनेसमोर कधीही काढू नये. सून म्हणणार, "मी तर रोज सांगते," आणि काकी तिथल्या तिथे बंद. शेजारीण बसलेली असली तरी नको. खरं बोलणं होतं ते हातात काम असताना. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलेल्या काकींच्या शेजारी एक पाट ओढून बसावं, आपणही चार रातांबे हातात घ्यावेत. बिया आणि गर एका भांड्यात, सालं दुसऱ्या. बोटं लाल होतात, नजर खाली राहते, आणि मधली शांतता कुणाला खुपत नाही. समोरासमोर खुर्च्या टाकून, मांडीवर फॉर्म ठेवून विचारलं की उत्तरं फॉर्मसारखीच येतात. फॉर्म शेवटी भरावा.

मग प्रश्न. "मशेरी लावता?" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर. "अजून का लावता?" हा तर आरोपच, मराठीत 'का' हा शब्द माणसाला पिंजऱ्यात उभा करतो. त्याऐवजी, "काकी, मशेरीचं कसं काय सुरू झालं?" किंवा "दिवसात कधी कधी तिची आठवण होते?" पहिली काही मिनिटं मशेरीच्या चांगल्या बाजूलाच जाऊ द्यावीत. दात दुखत होता, सासूने लावायला दिली, तेव्हापासून. सकाळी पोटाला बरं पडतं. यावर मान डोलावणं म्हणजे सवयीला परवानगी देणं नव्हे. शिवाय पोटाचं ते खोटंही नाही: निकोटीन आतड्याची हालचाल वाढवतं, आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. ज्या आशाताई हे कारण हसण्यावारी नेतात त्या पुढच्या सगळ्या बोलण्याला मुकतात.

प्रश्नापेक्षा महत्त्वाचं काम आहे ऐकलेलं परत देण्याचं. काकी म्हणाल्या, "पूर्वी कशाचा काय वाटत नाय होता." आपण म्हणायचं, "म्हणजे हल्ली मनात येतं कधीकधी." बास. हे विधान आहे, प्रश्न नव्हे. मराठीत इथे एक खड्डा आहे. वाक्याच्या शेवटी 'ना?' किंवा 'हो ना?' चिकटलं की आवाज वर जातो, विधानाचा प्रश्न होतो आणि उत्तर येतं "हां." आवाज खाली उतरू द्यायचा आणि थांबायचं. मनात सावकाश पाच आकडे म्हणावेत. चौथ्या-पाचव्याला बहुतेक वेळा पुढचं वाक्य येतं, आणि ते आपण मागितलेल्यापेक्षा खोलातलं असतं: "नातवाक जवळ घेऊक गेला की तो तोंड फिरवता. वास येता म्हणता."

शिकणाऱ्यांसाठी याचं मोजमापही आहे. मुलाखतीची ध्वनिफीत तपासताना प्रश्न किती आणि परत दिलेली वाक्यं किती, हे मोजतात. एकास एक असेल तर जेमतेम, एका प्रश्नामागे दोन वाक्यं परत दिलेली असतील तर चांगलं. त्या वाक्यांतली निम्मी तरी नुसता शब्दांचा पोपट न होता अर्थाने एक पाऊल पुढे गेलेली असावीत. आपल्याकडे सुरुवातीला हे गणित पाच प्रश्नांमागे एक वाक्य असं निघतं. चौकशी करणं म्हणजेच आस्था, अशी आपल्याकडची रीतच आहे, त्यामुळे यात नवल नाही.

नातू तोंड फिरवतो, हे वाक्य आलं की कान टवकारायचे. बदलाच्या बाजूचं बोलणं चार प्रकारचं असतं. इच्छा ("सुटली तर बरां होईत"), क्षमता ("एकदा बाळंतपणात सोडलेली"), कारण ("नातू जवळ येत नाही") आणि गरज ("आता काहीतरी करूक होया"). आशाताईंनी तेवढंच उचलून त्यावर पुढचा प्रश्न ठेवायचा. "बाळंतपणात सोडलेली, ती कशी जमली?" इथे सांगणारी काकी आणि शिकणारी आशाताई, अशी अदलाबदल होते. श्रावणात मासळी बंद ठेवणारी घरं कोकणात काही कमी नाहीत. एरवी ताटात बांगडा नसला तर घास उतरत नाही म्हणणारी माणसं महिनाभर तो टाळतात. "ठरवलं की पाळता येतं तुम्हाला" हे आपण सांगू नये. "श्रावणात मासळी कशी काय सोडता?" असं विचारावं आणि उत्तर त्यांच्याच तोंडून यावं. "शाब्बास" म्हणण्याचीही गरज नाही. ते मास्तरांनी म्हणायचं असतं. "महिनाभर पाळलंत" एवढं पुरतं.

शून्य ते दहाची पट्टी सोपी आहे, पण हमखास उलटी वापरली जाते. "सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, दहापैकी किती?" काकी म्हणतात, "चार." आणि आपण विचारतो, "चारच का? आठ का नाही?" झालं, पुन्हा मशेरीची वकिली सुरू. विचारायचं ते असं: "चार म्हणालात, एक नाही म्हणालात. ते कशामुळे?" एकाच्या वरचा प्रत्येक आकडा हे बदलाच्या बाजूचं कारण असतं, आणि ते काकींना शोधावं लागतं. मग दुसरी पट्टी, जमेल याची खात्री किती, याची. ही वेगळी विचारावी. पहिल्यात आठ आणि दुसऱ्यात दोन असेल तर कॅन्सरचे फोटो दाखवणं निव्वळ क्रौर्य; त्या बाईला कारण नको आहे, वाट हवी आहे. पट्टी तोंडी कळत नसेल तर दहा आमसुलं ओळीत मांडावीत, आकड्यांपेक्षा ती लवकर कळतात.

माहिती द्यायचीच नाही असं नाही. क्रम बदलायचा. आधी विचारायचं, मग थोडं द्यायचं, मग पुन्हा विचारायचं. घरातली सून गरोदर आहे आणि सासूचं बघून तीही मशेरी लावते, असं समजा. "पोटातल्या बाळावर मशेरीचं काय होतं, याबद्दल तू काय ऐकलंयस?" ती म्हणेल, "काही नाही, दात चांगले राहतात." मग, "एक गोष्ट मला माहीत आहे, सांगू? नको असेल तर राहू दे." कोकणात पाहुण्याला नको म्हणत नाहीत, म्हणून हे 'राहू दे' उघड बोलून ठेवावं लागतं. मग एकच गोष्ट: मुंबईतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, मशेरी किंवा तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची निघाली. एकच आकडा, त्यापुढे भाषण नाही. "तुला काय वाटतं यावर?" आणि पुन्हा गप्प. पाच मुद्दे एकदम दिले की ऐकणारी त्यातला सर्वांत कच्चा धरते आणि तेवढाच खोडून काढते.

काकी उलट बोलल्या तर? "सगळीच लावतात, त्यांना कुठे काय झालंय." हे खोडायचं नाही. "आजूबाजूला कुणालाच त्रास झालेला दिसत नाही," असं सरळ परत द्यायचं. बऱ्याचदा माणूस स्वतःच ते दुरुस्त करतो: "तशी वरच्या वाडीतल्या वैनीची जीभ काढूक लागली म्हणा." पाश्चात्त्य पुस्तकांत आणखी एक युक्ती सांगतात, समोरच्याचं म्हणणं थोडं फुगवून परत द्यायची: "म्हणजे मशेरीने कुणालाच कधीच काही होत नाही." ही आपल्याकडे जपून वापरावी, खरं तर नवख्याने वापरूच नये. कोकणी जिभेला तिरकस बोलणं जन्मापासून येतं आणि कानाला ते लगेच ओळखू येतं. आवाजात कणभर खोच आली की तो टोमणा होतो, आणि टोमण्याला उत्तर देण्यात काकी आपल्याहून कितीतरी पुढे असतात.

दोन्ही बाजू एकत्र मांडताना क्रम सांभाळावा. "नातवासाठी सोडावीशी वाटते, पण पोटाचं काय," असं म्हटलं तर शेवटी पोट उरतं आणि 'पण' आधीचं सगळं पुसून टाकतो. "सकाळी पोटाला तिची सवय आहे, आणि नातू जवळ यावा असंही वाटतं." शेवटी जे येतं त्यावरच पुढचं बोलणं उभं राहतं.

गावात होकार फार स्वस्त मिळतो. गाऱ्हाण्यात दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणावं तसं आशाताईंच्या दर वाक्याला "हां, बघूया" येतं, आणि वहीत 'समुपदेशन केले' अशी नोंद पडते. म्हणून होकार नव्हे, शब्दांचं वजन ऐकायचं. "बघूया" हलकं. "करूक होया" थोडं जड. "करतलंय" जास्त जड. "येत्या बाजाराक तंबाखू आणूचंय नाय" हे सर्वांत जड, कारण त्यात दिवस आहे आणि कृती आहे. व्यसनी लोकांच्या मुलाखतींच्या २००३ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की, अशी वाक्यं किती वेळा आली यापेक्षा ती बोलणं संपता संपता जड होत गेली का, यावरून पुढचा परिणाम जास्त कळतो. म्हणूनच जड वाक्य यायच्या आत बेत आखायला बसणं ही दुसरी मोठी चूक. काकी अजून "सुटली तर बरां" म्हणत असतात आणि आपण तारीख विचारतो. त्या एक पाऊल मागे जातात आणि पुन्हा आईची नव्वद वर्षं निघतात.

वेळ आली हे कसं ओळखावं? काकी स्वतःच विचारू लागतात. "सोडल्यार काय त्रास होता?" हा प्रश्न आला की खुशाल माहिती द्यावी, कारण आता ती मागितलेली आहे. चिडचिड, डोकं जड, झोप उडणं, पोट कडक होणं. पहिला आठवडा सर्वांत वाईट, दोन ते चार आठवड्यांत बराचसा निवळतो. तलफ काही मिनिटांची असते, येते आणि ओसरते. बेत मात्र काकींचाच हवा. "दिवसातली कुठली वेळ सोडायला सर्वांत सोपी?" बहुतेकजणी दुपारची सांगतात, सकाळची सगळ्यांत शेवटी. सुरुवात दुपारपासून करू द्यावी. मग भाजण्याचा दिवस. आठवडा बाजारातून पान आणलं, भाजलं, डबी भरली, की तो आठवडा गेलाच. डबी रिकामी होते आणि नवं पान अजून आलेलं नसतं, ती दोन दिवसांची फट हीच सोडण्याची खरी जागा. सकाळी हाताला काहीतरी लागतं म्हणून ब्रश किंवा साधी राखुंडी, आणि पोटासाठी उठल्या उठल्या कोमट पाणी, जेवणात नाचणी-भाजी. तलफ अनावर असेल तर निकोटीनच्या गोळीबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावं, आणि फोनवर मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ हा नंबर मोफत आहे.

घरच्यांना यातलं सगळं जमेल असं नाही. मुंबईहून रविवारी फोन करणारा चाकरमानी मुलगा आणि गावातले वडील, यांचं दारूवरचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या एकाच साच्यातलं. "प्यायलात ना? आवाजावरून कळतं." फोन कट. मुलाला यातलं एकच करता आलं तरी पुरे: संध्याकाळी सातनंतर हा विषय काढायचा नाही. नशेतल्या माणसाशी असलं बोलणं होत नसतं, आणि त्याने तेव्हा दिलेला शब्द दोघांनाही सकाळी लाजवतो. फोन सकाळी करावा, आणि "गणपतीत घरात काय कसं व्हावं असं तुम्हाला वाटतं?" असा दुरून प्रश्न टाकावा. एक इशारा मात्र स्पष्ट द्यायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी पूर्ण बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याच्या तोंडून "उद्यापासून थेंब नाही" आलं की आनंद बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

काही ठिकाणी हे तंत्र चालतच नाही. साप चावलेल्याला "दवाखान्यात जावंसं किती वाटतं, दहापैकी?" असं विचारत बसायचं नसतं, उचलायचं आणि न्यायचं. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं, की लेप्टोस्पायरोसिसच्या शंकेने रक्त त्याच दिवशी तपासायला हवं. तिथे सरळ आणि मोठ्याने सांगावं. ज्याच्या मनात दोन बाजूच नाहीत, तिथेही हे सगळं निरुपयोगी.

आणि एका ठिकाणी ते चालतं पण चालवू नये. जमिनीचे दलाल हेच करतात, शिकून नव्हे, धंद्याने. "काका, या कातळाचं तुमच्यानंतर कोण करणार, तुम्हाला काय वाटतं?" खुला प्रश्न, मग शांतता, मग काकांच्याच तोंडून "पोरां काय येवची नाय." प्रश्न तोच, पण उत्तराचा पैसा विचारणाऱ्याच्या खिशात जाणार. समोरच्याने काय ठरवावं यात आपला स्वतःचा फायदा असेल तर ही हत्यारं खाली ठेवावीत. आशाताईंनाही हे लागू आहे: महिन्याच्या अहवालात आकडा भरायचा म्हणून काकींना 'सोडते' म्हणायला लावलं, तर तो आकडा पुढच्या शिमग्यापर्यंतही टिकत नाही.

सुटलेली मशेरी पुन्हा लागते. बहुधा गणपतीत, माहेरवाशिणी जमल्या आणि डबी फिरली की. तेव्हा काकी आशाताईंना बघून पदर तोंडाला लावतात, म्हणजे त्यांना सगळं कळलेलं असतं. "अरेरे, पुन्हा?" म्हटलं की पुढच्या खेपेला त्या घरातच नसतात. मधल्या दिवसांचं विचारावं: "डबी फिरण्याआधीचे दिवस कसे काढलेत?" त्यात पोटाचं काय झालं, दुपारी काय केलं, नातवाचं काय झालं, हे सगळं निघतं आणि पुढचा बेत त्यातूनच आखता येतो. सलग दोन-तीन भेटींत मशेरीची बाजूच नुसती येत राहिली, तर विषय मिटवावा. "तुमचं तुम्हीच ठरवणार, कधी बोलावंसं वाटलं तर मी आहेच," म्हणून बीपीचा पट्टा काढावा, आणि या खेपेला तेवढंच काम करून उठावं.